हत्तिणीचं नवं इंजिन

एकतीस वर्षं आत्याने पंप काढले. कागदावर. पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर होतं आणि यंत्रं खाली. तिच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून खालच्या शेडचं पत्र्याचं छप्पर तेवढं दिसे. ती झाकणं काढी, दांडे काढी, प्रत्येक भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिही. मग शिपाई येऊन कागद खाली नेई, आणि पुढे त्या कागदाचं लोखंड कसं होतं हे तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, “बाईंच्या ड्रॉइंगमधली चूक या कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी गेली नाही.” टाळ्या झाल्या. जाता जाता आपण काढलेला एक तरी पंप हातात घेऊन बघावा म्हणून आत्या जिना उतरून खाली गेली, तर शेडच्या दारात रखवालदाराने अडवलं. “हेल्मेट नाही? मग आत नाही.” हातातला गुच्छ सावरत ती घरी आली.

आत्या हे काही तिचं नाव नव्हे. भाची बोलायला लागली तेव्हा आधी तोच शब्द शिकली आणि दिवसभर तोच घोकत राहिली. तो ऐकून शेजारच्यांनी उचलला, मग दुकानदाराने, मग सगळ्या गल्लीने. लग्न तिने केलं नाही. का नाही, असं विचारायची छाती एकदाच एका पाहुण्याने केली होती. “मापात कुणी बसलं नाही,” असं उत्तर मिळाल्यावर तो चहा तसाच टाकून उठला होता. राहायला ती थोरल्या भावाकडे. खाली दादा आणि वहिनी, जिन्याने वर तिची खोली.

दादा जमिनी मोजणारा. उभं आयुष्य डोंगरात दुर्बीण आणि साखळी घेऊन हिंडण्यात गेलेलं. त्याच्याकडे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली एक जुनी गाडी होती. राखाडी रंगाची, चौकोनी, पत्र्याच्या पेटीसारखी. तिला त्याने नाव दिलं होतं हत्तीण, कारण ती हळू चाले पण चिखल, दगड, ओढा, कशालाच थांबत नसे. दादाने तिला जेवढं जपलं तेवढं मला जपलं असतं तर मी अजून चाळिशीची दिसले असते, असं वहिनी येईल त्याला ऐकवायची.

दोन वर्षांपूर्वी दादाची डावी बाजू गेली. वाचा परत आली, उजवा हात-पाय ठणठणीत राहिला. पण डावा हात कप धरण्यापुरता आणि डावा पाय फरफटत नेण्यापुरताच उरला. काठी आली. त्या पायाने क्लच दाबणं शक्यच नव्हतं. तशीही हत्तीण आजारीच होती. तेल पीत होती, धूर ओकत होती, आणि तिच्या इंजिनाचे सुटे भाग बनवणं जगाने कधीच बंद केलं होतं. ती अंगणात उभी राहिली आणि दादा खिडकीतल्या खुर्चीत बसला. दोघं एकमेकांकडे बघत.

“भंगारात द्या ती,” दादा दर पंधरा दिवसांनी म्हणे.

“उद्या देते,” वहिनी भाजी चिरता चिरता म्हणे. हे एवढं ठरलेलं होतं की त्यात कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

निवृत्त होऊन आत्याला महिना झाला होता. एका सकाळी जिन्यावरून उतरताना तिचं लक्ष दादाकडे गेलं. तो खुर्चीत बसून बाहेर हत्तिणीकडे बघत होता आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. आपण हे करतोय याचा त्याला पत्ताही नसावा. आत्या तिथेच पायरीवर बसली. तिला सगळा प्रश्न एखाद्या ड्रॉइंगसारखा समोर मांडलेला दिसला. एक पाय चालतोय, एक चालत नाही. गाडीला तीन पायट्या आहेत: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. दोन असत्या तर?

त्याच आठवड्यात ती दादाच्या डॉक्टरांकडे एकटीच गेली. “बिनक्लचची गाडी चालवेल का तो?”

“नजर चांगली आहे, डोकं शाबूत आहे. रीतसर तपासणी करू, मग मी लेखी देईन,” डॉक्टर म्हणाले. “पण त्यांना हवंय का?”

त्या प्रश्नावरून आत्या जरा घाईने पुढे गेली. पुढे तिला ते भोवलं.

वहिनीला तिने स्वयंपाकघरात गाठलं. वहिनी सगळं ऐकून म्हणाली, “मग सरळ नवी गाडी घेऊ ना बिनक्लचची. उगाच कशाला घोळ?”

“नवी घेतली तर तो शेजारच्या सीटवर बसेल आणि रस्ता बघेल. हत्तिणीत तो शेजारी बसूच शकणार नाही. त्याला जमायचंच नाही ते.”

वहिनीने सुरी खाली ठेवली. “हे मात्र खरं,” ती म्हणाली.

गल्लीच्या टोकाला उस्तादाचं गॅरेज होतं. उस्ताद म्हणजे पोट सुटलेला, चष्म्याला दोरी बांधलेला, साठीकडे झुकलेला माणूस. हत्तिणीची सगळी दुखणी वीस वर्षं त्यानेच काढलेली. आत्याचा बेत ऐकून तो इतका हसला की चष्मा दोरीला लोंबायला लागला.

“आत्या, आजोबांच्या कोटाला नातवाच्या पँटचे खिसे शिवायचे म्हणता तुम्ही!”

“खिसे बसले तर?”

“अहो, जुनं इंजिन रुसलं तर त्याची समजूत काढता येते. नवं इंजिन रुसलं की वकिलामार्फत बोलतं. त्याला मेंदू असतो. पन्नास वायरी असतात. एक वायर चुकली की ढिम्म.”

“वायरींचा नकाशा मिळतो का?”

“मिळतो. पण तो वाचणार कोण?”

“मी,” आत्या म्हणाली. “आयुष्यभर दुसरं काय केलं?”

उस्तादाने चष्मा परत नाकावर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. मग दोन स्टुलं ओढली.

त्याने सांगितलं ते असं. एकटं इंजिन आणून भागणार नव्हतं. इंजिन, त्याच्या पाठीला जोडलेला आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, मेंदूची पेटी, सगळ्या वायरी आणि पायटी, हे सगळं एकाच गाडीतलं हवं. आणि त्या गाडीची किल्ली हवी. आजकालच्या किल्लीत एक खुणेची चकती असते. ती ओळखीची वाटली तरच मेंदू इंजिनाला चालू होऊ देतो.

शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात उस्तादाला अशी गाडी सापडली. उलटलेली, टप चेपलेलं, पण पुढचा भाग जसाच्या तसा. चालली होती जेमतेम वर्षभर. सगळं होतं, फक्त किल्ली नव्हती. भंगारवाल्याने फळीवरून बिस्किटांचा एक मोठा डबा काढून दिला. आत किल्ल्या, काठोकाठ. “असली तर यात असेल,” तो म्हणाला, “नसली तर देव जाणे.”

आत्याने घरून उशी आणि पाण्याची बाटली नेली, त्या चेपलेल्या गाडीत अंग चोरून बसली आणि एकेक किल्ली लावून बघू लागली. लावलेली किल्ली ती परत डब्यात टाकत नसे. वेगळ्या पिशवीत टाके आणि वहीत रेघ ओढे. पहिल्या दिवशी भंगारवाला गंमत बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिला चहा पाठवला. तिसऱ्या दिवशी दुपारी, एकशे त्र्याऐंशीव्या रेघेला, किल्ली फिरली आणि समोरचे सगळे दिवे एकदम लागले. आत्याने असा काही आवाज काढला की भंगारवाला हातातला पाना टाकून धावत आला. त्याला वाटलं, बाईंना पत्रा लागला.

मग हत्तिणीला गॅरेजमध्ये न्यायचा दिवस आला, आणि इथे माशी शिंकली. दादाला आधी सांगायचं असं ठरलं होतं. वहिनी म्हणे तू सांग, आत्या म्हणे तू सांग. या टोलवाटोलवीत उस्ताद दोर घेऊन हजर झाला तेव्हा दादा दुपारचा झोपला होता. तो उठला तेव्हा अंगण रिकामं होतं. जमिनीवर तेलाचे चार डाग.

वहिनी लगबगीने बाहेर आली. “अहो, ते…”

“बरं झालं,” दादा म्हणाला. “एकदाची गेली.” त्याने काठी घेतली, खुर्ची उजव्या हाताने ओढत ओढत खिडकीपासून लांब, कपाटाजवळ नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने त्याच्यासमोर स्टूल ठेवलं आणि सगळं सांगितलं. इंजिन, गिअरबॉक्स, किल्ली, डॉक्टर.

दादा ऐकत राहिला. मग त्याने काठी जमिनीवर आपटली. “मी काय खेळणं आहे का गं तुमचं? दोन दिवस मी… आणि तुम्ही दोघी स्वयंपाकघरात कुजबुजताय! मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.”

“मग नाहीच होतं ते! पाय गेलाय माझा, तोंड नाही गेलेलं!”

आत्याने स्टूल जरा पुढे ओढलं. “चुकलं माझं,” ती म्हणाली. लहानपणापासून आत्तापर्यंत तिने दादाला हे दोन शब्द म्हटल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. “परत आणू का?”

दादाने तोंड कपाटाकडे वळवलं. “काय करायचं ते करा. मला विचारू नका.”

“आणा असं म्हणाले नाहीत ना?” वहिनीने नंतर विचारलं. “मग चालू दे.”

काम सुरू झालं. साखळी-कप्पी लावून जुनं इंजिन वर उचललं तेव्हा खाली वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर निघाला. उस्तादाने तो खरवडला आणि त्यातून तीन पाने, एक चमचा आणि दादाचा हरवलेला चष्मा बाहेर काढला. नवं इंजिन हलकं होतं पण बसकं. त्याची तेलाची परात पुढच्या आसाला टेकत होती, म्हणून उस्तादाने इंजिन बसवायचे लोखंडी पाय नव्याने जोडले आणि सगळं दोन बोटं वर उचललं. इथवर त्याचं त्याने केलं. पुढचं आत्याचं होतं.

हत्तिणीच्या पोटाखाली एक जुनी बिडाची पेटी होती. इंजिनाचं बळ पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारी आणि चढावर खालचा, ताकदीचा गिअर देणारी. ती पेटी ठेवायचीच होती. तिच्याशिवाय हत्तीण म्हणजे नुसती चौकोनी गाडी. पण नव्या गिअरबॉक्सचं तोंड वेगळं आणि या पेटीचं वेगळं. दोघांच्या मध्ये ॲल्युमिनिअमची एक जाड चकती हवी होती: भोकं एका बाजूने याच्या मापाची, दुसऱ्या बाजूने त्याच्या, आणि एका अंगाला पेटीची कडा रुतून बसेल असा गोल खोलगट भाग.

आत्या दोन आठवडे फळीवर उताणी पडून मोजत होती. तिने दोन्ही तोंडांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, लहान मुलं नाण्यावर घासतात तशी, आणि भोकांचे ठसे उमटवले. घरी येऊन वरच्या खोलीत ड्रॉइंग केलं. लेथवर काम करणाऱ्या खरादीवाल्याने चकती कापून दिली तेव्हा ती अजून कोमट होती. आत्याने ती दोन्ही हातांत घेतली. वजनाला चांगलीच होती. कडेवरून बोट फिरवलं, भोकांत बोट घालून बघितलं. खरादीवाला म्हणाला, “काही राहिलंय का?” आत्या म्हणाली, “नाही, नाही. बघतेय फक्त.” रिक्षात ती मांडीवर घेऊन बसली.

चकती बसली नाही. दोन बोल्ट आत गेले, बाकीच्यांची भोकं कुठच्या कुठे. उलटी लावली तर पेटीकडची भोकं जुळली, पण मग खोलगट भाग भलत्याच बाजूला आला.

उस्ताद डोकं खाजवत उभा राहिला. “भोकं सगळी बरोबर आहेत, आत्या. फक्त दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची आहेत.” एरवी आत्या हसली असती.

घरी येऊन ती जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरून बसली. वर जाण्याचं त्राण नव्हतं. तिने प्रत्येक माप ठशांशी ताडून बघितलं. एकदा, दोनदा, चारदा. सगळी मापं बरोबर होती. मग हे काय होतं? निवृत्तीनंतर तीन महिन्यांत डोकं गंजलं? वहिनीने समोर चहा ठेवला, तो साय धरून गार झाला.

काठीचा आवाज आला. दादा पाणी प्यायला आला होता. जाता जाता त्याने टेबलाकडे नजर टाकली, पुढे गेला, माठातून पाणी घेतलं, प्यायला आणि परत येताना थांबला.

“हे कुठून बघितलंयस?”

“म्हणजे?”

“पुढून की मागून?” त्याने काठीचं टोक एका ठशावर आणि मग दुसऱ्यावर टेकवलं. “डोंगराच्या अलीकडून केलेला नकाशा पलीकडे उभं राहून वाचला की ओढा उजवीकडे येतो. पोरं नवीन असताना हमखास करतात.”

आत्या बघतच राहिली. गिअरबॉक्सचं तोंड तिने मागे उभं राहून घासलं होतं आणि पेटीचं पुढे उभं राहून. दोन्ही ठसे खरे होते, पण समोरासमोर येताना त्यातला एक पालथा व्हायला हवा होता. आरशातल्यासारखा. उजव्या हाताचा मोजा तिने डाव्या हातासाठी अगदी बिनचूक विणला होता.

“एवढी वर्षं…” तिने पेन्सिल खाली ठेवली. “साहेब भाषणात म्हणाले होते.”

“साहेबांचं खरंच आहे. फाटकाबाहेर चूक गेली नाही.” दादाने शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. “पण तुझ्या प्रत्येक कागदावर खाली दोन रकाने असायचे ना गं? मला दाखवायचीस तू. एकात तुझी सही, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. या कागदावर दुसरा रकाना कुठाय?”

नव्हता. एकटीच्या कामाला कशाला, म्हणून तिने तो काढलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवं ड्रॉइंग तयार झालं. खाली उजव्या कोपऱ्यात दोन रकाने होते. आत्याने पहिल्यात सही केली, कागद दादाच्या पुढ्यात सरकवला, शेजारी पेन ठेवलं आणि उभी राहिली.

दादाने तो पाऊण तास वाचला. मग पेन बाजूला ठेवलं.

“काय झालं?”

“मोजल्याशिवाय मी सही करत नाही. ती कुठाय?”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एकदम आत वळली आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटू लागली.

तर अशा रीतीने दादा गॅरेजमध्ये आला. उस्तादाने त्याच्यासाठी खुर्ची पुसली. समोर हत्तीण नाकाडाशिवाय उभी होती, आत चकचकीत परकं इंजिन. दादा काठी टेकत पुढे गेला. त्याने तिच्या पत्र्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग म्हणाला, “टेप धर.” आत्याने टोक धरलं, दादाने उजव्या हाताने टेप ओढली आणि डाव्या हाताच्या मुठीने, कप धरण्यापुरत्या उरलेल्या त्या मुठीने, तिचा डबा दाबून धरला. भोकं सगळी बरोबर निघाली. पण सगळं दोन बोटं वर उचलल्यामुळे खालच्या गिअरचा दांडा सीटच्या पत्र्याला अडणार होता. हे ना उस्तादाच्या लक्षात आलं होतं ना आत्याच्या.

“हे बघा, साहेब आले आणि काम वाढलं,” उस्ताद म्हणाला.

“अजून वाढेल. एका हाताने हे स्टिअरिंगचं चाक वळणार नाही माझ्याकडून. नव्या गाडीतला ते हलकं करणारा पंप पण बसव.” मग त्याने सही केली.

दुसरी चकती सरकली आणि ‘टक्’ करून बसली. उस्तादाने बोल्ट हातानेच शेवटपर्यंत फिरवत नेले. पाना लागलाच नाही. पहिली, चुकीची चकती आत्याने घरी नेली. ती तिच्या टेबलावर कागद दाबायला पडून असते.

वायरींचं मात्र उस्तादाने म्हटल्यासारखंच झालं. आत्याने प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी गुंडाळली, पट्टीवर आकडा, वहीत त्या आकड्यापुढे ती कुठून येते आणि कुठे जाते. उस्ताद जोडी आणि ती वाचून दाखवी. दादा खुर्चीत बसून तिसरा डोळा. तेवीसवरून दोघांचं भांडण झालं आणि चोवीसवर मिटलं. शेवटी ती एकशे त्र्याऐंशीवी किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात चालू झालं. इतकं हळू, इतकं सभ्यपणे, की टोपलीतून सगळ्यांसाठी जेवण घेऊन आलेल्या वहिनीने विचारलं, “कधी चालू करणार?”

पण गिअरचा दांडा जागचा हलेना. ढकलला, ओढला, ढिम्म. उस्तादाने कपाळावर हात मारला. “वकील आला!” दोन दिवस ते अडून बसले. मग आत्याला नकाशात सापडलं. ब्रेक दाबल्याची बातमी मेंदूला कळल्याशिवाय तो दांडा सोडतच नव्हता, आणि हत्तिणीच्या जुन्या ब्रेकचं बटण ती बातमी नेमकी उलटी देत होतं; पाय ठेवला की ‘सोडला’, सोडला की ‘ठेवला’. उस्तादाने बटण बदललं. दांडा लोण्यातून सुरी जावी तसा खाली आला.

डॉक्टरांची तपासणी झाली. वाहन कचेरीतल्या बाईंनी हत्तिणीखाली वाकून वाकून बघितलं, नव्या इंजिनाचा नंबर लिहून घेतला आणि दादाची रीतसर परीक्षा घ्यायची तारीख दिली. त्याआधी सराव हवा म्हणून एका रविवारी सकाळी चौघं बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मोकळ्या मैदानावर गेले. तिथवर हत्तीण उस्तादाने आणली. मग तो उतरला आणि दादा, काठी आत्याकडे देऊन, चाकामागे बसला. आत्या शेजारी. वहिनी मागे, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून.

दादाने किल्ली फिरवली. दांडा ओढला. आणि त्याचा डावा पाय, तो फरफटणारा पाय, आपणहून थोडासा उचलला गेला आणि जिथे क्लच असायचा तिथे रिकाम्या पत्र्यावर पडला.

“सवय,” दादा म्हणाला. त्याने चाकावरचा हात काढला. “नको. उस्तादालाच बसू दे.”

“काही हरकत नाही,” आत्या म्हणाली. “तू सांगशील तसं. उतरू या का?” या वेळी तिने खरोखर विचारलं होतं.

दादाने एका हाताने फिरवता यावं म्हणून चाकाला बसवलेली नवी मूठ चाचपली. “बघू एक फेरी,” तो म्हणाला आणि ब्रेकवरचा पाय काढला.

हत्तीण निघाली. पहिल्या फेरीला तो इतका हळू चालवत होता की उस्ताद बाजूने चालत येत होता. दुसऱ्या फेरीला उस्ताद मागे पडला. तिसऱ्या फेरीला दादाने ब्रेक जरा जास्त दाबला आणि वहिनीचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. “एवढी वर्षं झाली,” मागून आवाज आला, “तुमचा ब्रेक काही सुधारला नाही!” दादा हसला. हसता हसताच त्याने गाडी वळवली ती भट्टीच्या राखेच्या ढिगाऱ्याकडे. घराएवढा उंच ढिगारा, भुसभुशीत. त्याने खालच्या गिअरचा दांडा ओढला, आणि हत्तीण चारही चाकांनी राख चावत, सावकाश, न थांबता वर चढली. माथ्यावर त्याने ती थांबवली. चौघांपैकी तिघं आत होते. खाली उस्ताद कमरेवर हात ठेवून उभा होता.

“पेट्रोल किती पितं गं हे?” शेवटी दादाने विचारलं.

“जुन्याच्या निम्मं.”

“हं,” दादा म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि उतारावर गाडी अलगद सोडली.

परीक्षेत तो पास झाला, दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला घाबरून वळताना दिवा दाखवायचा विसरला. डावा हात मात्र सुधारला नाही, आणि काही दिवस असे येतात की तो स्वतःच म्हणतो, आज नको. त्या दिवसांसाठी वहिनीने गाडी शिकून घेतली. आयुष्यभर क्लचच्या भीतीने तिने चाकाला हात लावला नव्हता, आता आठ दिवसांत बाजारापर्यंत जायला लागली. दादा शेजारी बसतो, सूचना देतो आणि बोलणी खातो. बाकी आठवड्यातून दोन सकाळी तो जुन्या ओळखीच्यांच्या जमिनी मोजायला जातो. साखळी धरायला आत्या, आणि खुर्ची पुन्हा खिडकीत.

गेल्या महिन्यात उस्तादाचा निरोप आला. आत्या गेली तर गॅरेजसमोर एक हिरवी, जुनी, चार चाकांच्या ओढीची गाडी उभी होती. शेजारी पस्तिशीची एक बाई. ती रानात मधमाश्यांच्या पेट्या ठेवायची. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला होता, नकली पाय होता. “दादासाहेबांना मी रानातल्या चढावर बघितलं,” ती म्हणाली. “आधी वाटलं, कुणी दुसरं चालवतंय. मग ते उतरले, काठी घेऊन.” तिने नकली पाय जरा सरळ केला. “माझ्या पेट्या आता भाऊ बघतो. तो चांगला आहे. पण मधमाश्या त्याला चावतात.”

उस्तादाने आत्याकडे बघितलं. “काय म्हणता?”

“आधी त्यांना काय हवंय ते ऐकू दे,” आत्या म्हणाली. तिने स्टूल पुढे ओढून त्या बाईला बसवलं. “तुमची वाट कशी आहे? चढ किती, चिखल किती? सगळं सांगा.”

बाई सांगायला लागली. ओढा, त्यापुढची खडी, पेट्यांच्या अलीकडचं ते अवघड वळण. आत्याने वही उघडली, पानावर तारीख घातली, आणि बाई बोलत होती ते लिहून घेऊ लागली.